पाद्रीचा आंबा : आमच्या परसातल्या मानकुरादची चौकशी

मंडळाच्या बैठकीत मी आजवर किल्ले, बंधारे आणि चुन्याच्या भट्ट्या यांवरच बोललो आहे. झाडावर बोलायची ही पहिलीच वेळ. वनस्पतिशास्त्र बारावीनंतर सुटलं, पुढची तीस वर्षं यंत्रांबरोबर गेली आणि इतिहास शिकलो तो चाळिशीनंतर, जमेल तसा. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

सुरुवात एका फसवणुकीपासून झाली. 2008 साली फोंड्यात घर बांधलं. मागे जेमतेम एका झाडापुरती उघडी जागा राहिली. गोव्यात राहणारा माणूस अशा जागेत काय लावणार? मानकुराद. एका रोपवाटिकेतून कलम आणलं, पिशवीवर नाव लिहिलेलं होतं. जांभ्यात पहारीने मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून घेतला, तळाचा दगड फोडला, लाल माती आणि शेणखत भरलं, बांबूचा आधार दिला. पहिली चार वर्षं मोहोर खुडून टाकला. तो खुडावाच लागतो, नाहीतर कोवळं झाड फळाच्या मागे लागून खुरटतं. 2013 च्या मे महिन्यात पहिली फळं पिकली. देठाजवळचा खांदा छान लालसर झाला होता. मी खूश.

शेजारी एक मास्तर राहतात. पोर्तुगीज काळात पणजीच्या लिसेवमध्ये शिकलेले. चार फळं घेऊन गेलो. त्यांनी एक हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि हसायला लागले.

"अरे, हा मानकुराद लाजला कसा?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. 'कोराद' म्हणजे रंग चढलेला, गालावर लाली आलेला. 'माल' म्हणजे वाईट, कमी. मालकोराद म्हणजे ज्याला धड रंग चढत नाही तो. त्याचंच आपल्या तोंडी मानकुराद झालं. "लाल होत नाही हीच त्याची खूण. तुझा लाल झाला, म्हणजे तो दुसऱ्या कोणाचा तरी."

फळ वाईट नव्हतं. पण मानकुराद नव्हतं एवढं खरं. साल पिवळी, पावसाचे थेंब पडले की तिच्यावर काळसर ठिपके, दिसायला यथातथा, आणि आत मात्र रेषा नावाला नाही, असा मानकुराद मी लहानपणापासून खाल्लेला. तरी पाच वर्षं झाडाला पाणी घालताना माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मोहोर आणि पानं बघून जात ओळखणारा माणूस वेगळा. मी पिशवीवरचं नाव वाचणारा.

आमच्यातले काही जण 'मानाचा म्हणून मानकुराद' असं सांगतात. ऐकायला बरं वाटतं, पण ते मागाहून जोडलेलं आहे. गंमत अशी की गोव्यातला सर्वांत लाडका आंबा, हंगामाच्या सुरुवातीला डझनाला काही हजार मोजायला लावणारा, आणि त्याचं नाव ही एक तक्रार आहे. कोणा पोर्तुगीज बोलणाऱ्या माणसाला त्याचा रंग आवडला नव्हता, आणि ती नावड आपण चवीने उच्चारतो.

इथून मी आंब्यांच्या नावांच्या मागे लागलो. म्हापशाच्या बाजारात जी नावं ऐकू येतात ती घ्या: आफोंस, फेर्नांदीन, मुसराद, कुलास, इलारियो, शावियेर, बिश्प. मुसराद हे मोंसेरातचं रूप, कुलास हे कोलासोचं. बहुतेक सगळी माणसांची नावं. आता आपल्या रायवळ आंब्यांची नावं आठवा: शेप्या, शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोटी, बिटकी. ही वासाची, रंगाची, आकाराची नावं आहेत. हा फरक उगीच पडलेला नाही. त्याचं कारण झाड कसं वाढवलं जातं त्यात आहे.

आंब्याची कोय पेरली तर मूळ झाड परत मिळत नाही. कोयीतला गर्भ हे दोन झाडांचं मूल. आई मानकुराद असली तरी बाप कोण ते माशीलाच ठाऊक. ओलूर, चंद्रकरनसारखे पश्चिम किनाऱ्यावरचे थोडे आंबे याला अपवाद आहेत. त्यांच्या एका कोयीतून अनेक कोंब येतात आणि ते आईसारखेच निघतात. पण आपल्याकडचे नावाजलेले आंबे जवळजवळ सगळे एककोंबी. म्हणून रायवळाचं प्रत्येक झाड ही एक स्वतंत्र व्यक्ती असते, आणि माणूस तिला तिच्या गुणावरून हाक मारतो. ते झाड मेलं की शेप्या संपला.

कलमाचं तसं नाही. कलम म्हणजे मूल नव्हे. ते त्याच झाडाचं अंग, दुसऱ्याच्या मुळावर बसवलेलं. (कलम शब्द अरबीतून आला. तिकडे तो बोरू, लेखणी. आपण लेखणीला कलम म्हणतो, कायद्याच्या परिच्छेदाला कलम म्हणतो आणि तिरक्या कापलेल्या काडीलाही कलमच.) कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर कोय म्हणजे नवं आरेखन, कलम म्हणजे जुन्या आरेखनाची छापील प्रत. जगातला प्रत्येक खरा हापूस हा कधीकाळी कोयीतून उगवलेल्या एकाच झाडाचा तुकडा आहे. मूळ खोड कधीच कुजून गेलं असेल, पण ते झाड मेलेलं नाही.

आता जुनी कलमं कशी बांधत ते बघा. भेट कलम. कुंडीतलं रोप घ्यायचं, चांगल्या झाडाच्या फांदीपाशी मांडव करून त्यावर ठेवायचं, रोपाची आणि फांदीची साल सारखी सोलून दोघांना एकमेकांना भेटवायचं आणि घट्ट बांधायचं. दोन-तीन महिन्यांनी जोड धरला की फांदी खालून कापायची. यात रोप झाडाकडे न्यावं लागतं. झाड ज्याच्या भाटात, त्याच्याच हातात सगळं. मांडव तो घालू देणार, फांद्या किती द्यायच्या ते तो ठरवणार. मग त्या आंब्याला नाव त्या मालकाचं पडलं तर नवल काय? आज आपण काडी कापून ओल्या फडक्यात गुंडाळतो आणि खिशात घालून तालुका ओलांडतो. त्या काळात तशी चाल असती, तर आफोंस-फेर्नांदीनऐवजी आपल्याकडेही शेंदरी-केशरी नावंच राहिली असती असं माझं मत आहे. या हिशेबात मानकुराद एकटा वेगळा पडतो. नाव पोर्तुगीज, पण पद्धत आपल्या शेप्या-शेंदऱ्याची.

कागदात हे किती मागे जातं? गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यात आंब्यावर एक पूर्ण संवाद आहे. मुंबई बेटावरच्या आपल्या एका झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं हे तो कौतुकाने सांगतो. त्यानंतर वीस वर्षांनी गोव्याच्या आर्चबिशपाकडे कामाला असलेला लिन्सखोटेन हा डच माणूस आलं-लसूण भरून मुरवलेल्या कैऱ्यांचं वर्णन करतो. मिसकुटाची बरणी उघडताना मला हा गृहस्थ हटकून आठवतो. सतराव्या शतकात बर्निये लिहितो की दिल्लीकडचे आंबे बेताचे, उत्तम ते बंगाल, गोवळकोंडा आणि गोव्याचे. म्हणजे गोव्याच्या आंब्याची कीर्ती तोवर उत्तरेत पोचली होती.

पण खरा ऐवज आहे तो निकोलाव मानुची याच्याकडे. हा व्हेनिसचा माणूस, मोगलांकडे तोफखान्यात आणि मग वैद्य म्हणून राहिलेला. आपल्या मंडळाला तो वेगळ्या कारणाने माहीत आहे. 1683 साली विजरई कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि संभाजीराजांनी तो उधळला, पुढे जुवें बेटही घेतलं. त्या धामधुमीत मानुची गोव्यात होता आणि विजरईचा वकील म्हणून राजांकडे गेलाही होता. त्याच्या 'स्तोरिया दो मोगोर' या ग्रंथाचं विल्यम अर्विनने केलेलं इंग्रजी भाषांतर 1907-08 मध्ये चार खंडांत निघालं. मी ते संभाजीराजांच्या भेटीसाठी दोनदा वाचलं होतं, आणि दोन्ही वेळा आंब्याची यादी ओलांडून पुढे गेलो होतो. दृष्टी नसली की असं होतं.

सर्वांत चांगले आंबे गोवा बेटावर होतात असं म्हणून मानुची त्यांची नावं देतो. निकुलाव आफोंसचा आंबा, पांढरी कारैर, तांबडी कारैर, कोंदचा, जुआंव पारैरचा, बाबिया, मायनातचा, आणखीही काही. कोंद म्हणजे सरदार, मायनात म्हणजे परीट. सरदारापासून परटापर्यंत सगळ्यांच्या नावाचे आंबे एका पंगतीत बसले आहेत.

या यादीतून दोन गोष्टी निघतात. पहिली हापूसची. शाळेत आपल्याला सांगतात की आफोंस हे नाव आफोंसो द आल्बुकेर्कवरून पडलं. आल्बुकेर्क 1510 मध्ये गोवा घेतो आणि 1515 मध्ये मरतो. या पाच वर्षांत त्याने बागाईत केली हे मला कधीच पटलं नव्हतं. मानुचीच्या यादीत आफोंस आहे, पण तो निकुलाव आफोंस. एखादा भाटकार, कलमांचा मालक. बाकी सगळे आंबे मालकांच्या नावाचे असताना हा एकटाच गव्हर्नरच्या नावाचा कशासाठी असेल? रत्नागिरी-देवगडच्या मंडळींना राग येईल, पण हापूस हे एका विस्मरणात गेलेल्या गोवेकर शेतकऱ्याचं आडनाव आहे असं मी धरून चालतो. आफोंसचं आफूस, आफूसचा हापूस.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. या यादीतला आफोंस सोडला, तर आज म्हापशाच्या बाजारात मायनात मागून बघा. विकणारी बाई तुमच्याकडे बघत राहील. तसा यादीत मानकुरादही नाही, तो नंतर पुढे आला. म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षांत पंगतीतली बहुतेक माणसं उठून गेली आणि नवी येऊन बसली. आंब्याची जात रोग पडून क्वचित संपते. शेवटच्या झाडाखाली मांडव घालायचा राहून जातो, आणि ती संपते.

गोव्यात भेट कलमाची चाल जेझुइटांनी पाडली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. 1759 मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हाकललं, त्यांची भाटं जप्त झाली. 1834-35 मध्ये उरलेल्या धर्मसंघांचे मठही बंद केले. जुनं गोवें ओस पडलं. मठांच्या बागा ज्याला मिळाल्या त्याच्या मर्जीवर राहिल्या. बऱ्याच जाती याच उलथापालथीत गेल्या असाव्यात, आणि ज्या वाचल्या त्या खासगी परसांत वाचल्या.

इथे आमच्या घराची गोष्ट येते.

आमचं मूळ घर अंत्रुजात, म्हणजे फोंडा महालात. घरामागे एक अवाढव्य मानकुराद होता. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मी स्वतः फितीने मोजला होता, 3.4 मीटर. घरात त्याला 'पाद्रीचा आंबा' म्हणत. कथा अशी की जेझुइटांची धरपकड चालू असताना एक पाद्री रात्री नदी ओलांडून आमच्या पूर्वजांकडे आसऱ्याला आला आणि जाताना उपकार म्हणून एक कलम देऊन गेला. कथा इतिहासात चपखल बसते. फोंडा 1763 पर्यंत सौंदेकरांकडे होता, म्हणजे 1759 मध्ये पाद्र्याला पळून यायला ती पोर्तुगीज हद्दीबाहेरची जागाच होती. मी हे एका व्याख्यानात सांगितलंसुद्धा, आणि टाळ्या घेतल्या. आज कबूल करतो की इतकी चपखल बसणारी गोष्ट बघून माझ्यासारख्या माणसाला तेव्हाच शंका यायला हवी होती. दोन भाग घासल्याशिवाय बरोब्बर बसले, तर फिटर आधी माप तपासतो.

2016 मध्ये वाटण्यांची बोलणी सुरू झाली म्हणून माळ्यावरच्या पेट्या उतरवल्या. त्यात आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या, मोडीत. शके 1856 च्या आषाढात, म्हणजे 1934 च्या पावसाळ्यात, खर्चाच्या बाजूला नोंद आहे: मालकुराद कलमे 6, पाद्री, म्हापसें. पुढे रुपये आणि टांगांत रक्कम, खाली होडीचं भाडं वेगळं, गड्याची मजुरी वेगळी. आसरा नाही, उपकार नाही. रोख व्यवहार.

माझी आत्या तेव्हा अठ्ठ्याऐंशीची होती. तिच्याकडे वही घेऊन गेलो.

"आत्या, पाद्रीचा आंबा आजोबांनी विकत आणला होता?"

"मग काय आभाळातून पडला? बार्देशात एका इगर्जीच्या पाद्र्याकडे चांगली कलमं मिळत. सहा आणली. पाच मेली. मी सहा वर्षांची होते, रोज संध्याकाळी कळशीने पाणी घालायचं काम माझ्याकडे. आंबा कसला, काठी होती नुसती."

"मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू आपला व्याख्यानं देत होतास."

गप्प बसलो. जेझुइटाची गोष्ट कोणी आणि कधी चिकटवली त्याचा अंदाज करता येतो. माझे एक चुलते शिक्षक होते आणि त्यांना कथा सांगायची हौस होती. पण नोंद सापडल्यावर झाडाची किंमत माझ्या लेखी कमी झाली नाही, उलट वाढली. खोड 1934 चं. पण कलम म्हणजे प्रत, त्यामुळे त्या खोडातला मानकुराद आमच्या घराण्याच्या कुठल्याही कागदाहून जुना असणार. शिवाय बार्देशातल्या त्या इगर्जीच्या बागेतली त्याची आई आता नाही, मी जाऊन बघून आलो. तिथे वाहनतळ आहे.

आणि हे सगळे मानकुराद एकच नव्हेत. एलाची, म्हणजे जुन्या गोव्याची, केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था कित्येक वर्षं मानकुरादची निरनिराळी झाडं निवडून त्यांचा अभ्यास करत आली आहे. 'कार्दोझ मानकुराद' ही त्यातलीच नावाजलेली निवड. कुठलं झाड दरवर्षी धरतं, कुठलं एक वर्षाआड. कुठल्याचं फळ मोठं, कुठल्याची कोय बारीक. 2023 मध्ये मानकुरादला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदाची गोष्ट आहे. पण एका नावाखाली अशी भावंडं राहतात हे विसरू नये. आमचं झाड त्यातलं एक. फळ मध्यम, कोय पातळ, आणि शेवटची फळं मिरग लागेपर्यंत टिकणारी.

वाटणीत झाडाची बाजू चुलतभावाकडे गेली. तिथे त्याला घर बांधायचं होतं. त्याला दोष देणार नाही. झाडाला भिरुडाने पोखरलं होतं, एक फांदी त्याच्या गोठ्याच्या कौलांवर पडून नुकसान झालं होतं. त्याने मला दोन पावसाळे दिले. म्हणाला, "दादा, तुला काय काड्या न्यायच्या त्या ने. 2018 च्या दिवाळीनंतर मी थांबणार नाही."

2017 चा पावसाळा मी वाया घालवला. पुस्तक वाचून चौदा कलमं बांधली. नवं पातं, मोजून घेतलेला काप, पट्टी नीट ताणून. चौदाच्या चौदा काळी पडली. काप चुकला नव्हता, काडी चुकली होती. मी धो धो पावसात हिरवीगार पानांची काडी कापली, तिथेच पानं ओरबाडली आणि लगेच बांधली. झोपलेला डोळा जोडला तर तो उठायच्या आधी कुजतो.

पुढच्या वर्षी बार्देशातून एका म्हाताऱ्या माळ्याला आणलं. बोलणं कमी, हात भराभर. त्याने आधी झाड बघितलं, नुसतीच प्रदक्षिणा घातली. बुंध्यापाशी खाली बसून मातीपासून वीतभर वर असलेली एक फुगीर कड मला दाखवली: जुना जोड. आजोबांचं कलम तिथे बसलं होतं, चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी. मी त्या झाडाखाली लहानाचा मोठा झालो, आणि ती कड मला मुळाचा गोळा वाटायची.

त्याची रीत अशी. मोहोर न आलेली, तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड काडी निवडायची. तिची पानं कापायची, पण देठ ठेवायचे. काडी झाडावरच सोडायची. आठ-दहा दिवसांत देठ पिवळे पडतात आणि बोट लावलं की गळतात, टोकाचा डोळा फुगतो. त्या दिवशी काडी कापायची, एक दिवस इकडे किंवा तिकडे. खाली खुंट म्हणून जूनमध्ये रायवळाच्या कोयी वाळूत रुजत घातल्या होत्या. त्यांचे कोंब तांबूस, लवचीक असतानाच, दहा-पंधरा दिवसांचे असताना, शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप देऊन त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. यालाच कोय कलम म्हणतात. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत चांगली रुळवली आहे. वरून पातळ पिशवीची टोपी. सावलीत ठेवायचं, आणि तो म्हणाला तसं, सारखं उघडून बघायचं नाही. हे शेवटचं मला सर्वांत अवघड गेलं.

वीस बांधली, नऊ धरली. त्यातली पाच पुढचा उन्हाळा पार करून गेली.

आणि आणखी एक उद्योग केला. फोंड्याच्या घरामागचं लाजलेलं झाड मी त्याच वर्षी फेब्रुवारीत कमरेच्या उंचीवर छाटलं. बायको दोन दिवस बोलत नव्हती, कारण त्याची सावली स्वयंपाकघरावर पडायची. पावसाळ्यात खुंटाला धुमारे फुटले. त्यातले चार जोमदार ठेवले आणि ऑगस्टमध्ये, धुमारे कोवळे तांबूस असताना, त्यांवर पाद्रीच्या आंब्याच्या काड्या बांधल्या. दोन लागल्या. खालून खुंटाचे फुटवे येत राहतात ते दर महिन्याला काढावे लागतात. सोडले तर मूळ झाड वरच्याला गिळून टाकतं. खाली दहा वर्षांची मुळं तयार होती, त्यामुळे वाढ झपाट्याने झाली.

जुनं झाड नोव्हेंबर 2018 मध्ये पडलं. मी हजर होतो. कापलेल्या बुंध्यावर मी सवयीने वलयं मोजायला बसलो, पण सागवानासारखी स्पष्ट वार्षिक वलयं आंब्यात नसतात. मधला भाग पोकळ, भिरुडाने भुसा केलेला. आत्याला सांगायला गेलो तर तिने एवढंच विचारलं, "काठ्या लागल्या?" लागल्या म्हटलं.

पुढची दोन वर्षं मी पुन्हा एक चूक केली, ती सांगतो म्हणजे इतरांची टळेल. ठिबकला घड्याळ लावून डिसेंबरपर्यंत पाणी चालू ठेवलं. झाडाला कसली ददात नाही असं बघून ते पानंच काढत बसलं, मोहोर नाही. आपल्या उष्ण किनाऱ्यावर थंडी ती किती? मोठ्या झाडाला ऑक्टोबरनंतरची कोरड आणि डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्री यांनीच मोहोराची हाक ऐकू येते. आता पाऊस संपला की मी पाणी तोडतो आणि फळ वाटाण्याएवढं झालं की पुन्हा थोडं सुरू करतो. मोहोरावर तुडतुडे आणि भुरी येते, ढगाळ हवेत करपा. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा एक पुरतो. काढताना झेल्याने, दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून काढायचं, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. मग भाताच्या पेंढ्यात अढी. मानकुराद टिकत नाही, पिकला की दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो. तो परगावी फारसा न गेल्याचं मोठं कारण हेच. हापूस जहाजात बसला, हा घरीच राहिला.

2022 च्या मे महिन्यात त्या दोन कलमांना अकरा फळं धरली. मी रोज सकाळी खांदे बघत होतो. पिवळे झाले, तसेच राहिले. मिरगाआधीच्या पावसाने त्यांवर ठिपकेही उमटले. एक फळ आत्याकडे पाठवलं, एक चुलतभावाकडे. मास्तरांकडे स्वतः घेऊन गेलो. त्यांनी नाकाला लावलं, फिरवलं आणि म्हणाले, "रंग वाईट आहे. ठीक आहे."

पाच कोयकलमांपैकी एक चुलतभावाच्या नव्या घरापुढे लावलं आहे, एक म्हापशाला आत्याच्या नातवाकडे, एक मंडळाच्या सदस्याकडे सांकवाळला. दोन मी ठेवली होती, त्यातलं एक वाळवीने गेलं. घरामागच्या झाडावर यंदा काड्या भरपूर आहेत. कोणाला हव्या असल्यास जुलै उजाडायच्या आत कळवावं, म्हणजे दहा दिवस आधी पानं छाटून ठेवता येतील. खुंट मात्र ज्याचे त्याने रुजवून आणायचे, रायवळाच्या कोयींचे. पिशवीवर नाव लिहायचं असेल तर 'मानकुराद, पाद्री, 1934' एवढं लिहा, जेझुइट लिहू नका.